रुमालाखाली ठरलेलं इंजिन ऑइल

माझ्या जोडीदारानं मला फसवलं. बैलात नाही, जमिनीत नाही, इंजिन ऑइलच्या डब्यात फसवलं. डबा सीलबंद होता, वर छापलेले आकडे बरोबर होते आणि आत दुसऱ्या कुणाच्या इंजिनातून निघालेलं जळकं तेल होतं. त्याला ते माहीत होतं. हे मी अंदाजानं लिहीत नाही. त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणि सांगताना मानसुद्धा खाली घातली नाही.

आम्ही दोघं हेडी. म्हणजे एका बाजारात बैल घ्यायचे, दुसऱ्या बाजारात विकायचे आणि मधे जे सुटेल त्यावर घर चालवायचं. मी दिंद्रुडच्या बाजूचा, तो वडवणीकडचा. माझ्या घरी जमीन नव्हती, दावणीला जनावर नव्हतं. लोकांचे बैल पायी हाकत बाजाराला न्यायचो आणि दिवसभर तिथंच बसून मोठ्या हेड्यांचे सौदे बघायचो. सौद्यातली बोटं काही दिसत नाहीत, ती रुमालाखाली असतात. मनगटाची हालचाल तेवढी दिसते. त्या मनगटांवरून मी भाव ओळखायला शिकलो. मला कुणी बसवून शिकवलं नाही.

बैलबाजार न पाहिलेल्या माणसाला हे गमतीचं वाटतं. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वरून रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. आकडा तोंडानं कुणी उच्चारत नाही. भोवती माणसं उभी असतात, त्यांना काही कळत नाही. दोघांच्या चेहऱ्यांवरही काही दिसू द्यायचं नसतं. पटलं की हात घट्ट दाबायचा. परवडत नसेल तर हात काढून घ्यायचा. हात काढला म्हणून कुणी रागावत नाही. दोघं चहाला सोबत जातात आणि तासाभरानं पुन्हा रुमाल टाकतात. पण हात दाबून झाल्यावर फिरलेला माणूस मी आमच्या बाजारात पाहिलेला नाही. तसा कुणी निघाला तर पुढच्या बाजारी त्याच्या हातात हात द्यायला कुणी येणार नाही.

आमच्या दोघांत कामाची वाटणी होती. जनावर तो बघायचा. दात मोजणं, खूर उचलून बघणं, चालवून बघणं, डोळ्यापुढं हात फिरवून नजर तपासणं, सगळं त्याचं. भाव मी पाडायचो. त्यानं मागून माझ्या पाठीवर थाप मारली की जनावर चांगलं आहे असं समजायचं आणि मी रुमाल टाकायचा. इतक्या वर्षांत मी स्वतः बैलाचं तोंड उघडून पाहिलं नाही. गरजच पडली नाही.

पुढं शेतात ट्रॅक्टर आले, ऊस वाहायलाही आले, आणि बैलांचा बाजार आटत गेला. मी शेळ्यांच्या व्यापारात उतरलो. त्यानं वडवणीत रस्त्याला गाळा घेतला आणि ऑइल, फिल्टर, पट्टे, नटबोल्ट असं दुकान टाकलं. दुकानाचा नारळ माझ्या हातानं फोडला. त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांतली निम्मी मी धरून नेली होती.

मग मी गाडी घेतली. डिझेलची, नवी कोरी, चारचाकी. बैलांच्या मागं अनवाणी चाललेल्या माणसानं गाडी घेतली म्हणजे ती नुसती गाडी नसते. बायको पुढं बसली तेव्हा तिनं चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या, त्या घ्यायला मला चौकातून परत यावं लागलं.

फुकटातल्या सर्व्हिसिंग संपल्या आणि ऑइल बदलायची वेळ आली. कोणतं टाकावं म्हणून मी विचारत सुटलो. काळीपिवळी जीप चालवणारा म्हणाला, “लई जाड टाका काका. जाड ऑइल म्हणजी इंजिनाला गादी.” ट्रॅक्टरवाला म्हणाला, “डबा कावून घेता? आमच्या बॅरलमधलं काढून देतो. डिझेल ते डिझेलच की.” पेट्रोल पंपावरचा म्हणाला, “जे महाग ते घ्या, डोक्याला ताप न्हाई.” त्याला मी तिथंच झापलं. महाग ते चांगलं असतं तर जगात हेड्याची गरजच राहिली नसती.

मीही आधी जाडच चांगलं समजत होतो. अंगठा आणि बोट यांच्यात चोळून बघायचं, तार सुटली की माल दमदार, ही आमच्याकडची रीत. तूप असो, गूळ असो, वंगण असो. पण गाडीसोबत एक पुस्तक मिळालं होतं, ते मी मुलीकडून वाचून घेतलं. त्यात स्पष्ट होतं: पाच डब्ल्यू तीस. आणि खाली आणखी एक अक्षर नि एक आकडा. मी तिला म्हणालो, नुसतं वाचू नको, समजावून सांग. तिनं शोधून शोधून सांगितलं. पहिला आकडा गार इंजिनासाठी, दुसरा तापलेल्या इंजिनासाठी. तेवढ्यात मला गुऱ्हाळावरची काकवी आठवली. थंडीच्या दिवसांत सकाळी डबा उलटा केला तरी ती हलत नाही, आणि चुलीजवळ ठेवली की पाण्यासारखी पळते. सकाळी किल्ली फिरवली की ऑइल लगेच वरपर्यंत चढलं पाहिजे. जाड असेल तर ते खालीच बसून राहणार आणि तेवढा वेळ वर लोखंडावर लोखंड घासणार. म्हणून पहिला आकडा लहान. उन्हाळ्यात आमच्याकडचे रस्ते तापतात तेव्हा ते फार पातळ होऊ नये म्हणून दुसरा आकडा. आणि ते खालचं अक्षर धूर गाळणाऱ्या जाळीसाठी. ते जुळलं नाही तर जाळी चोंदते.

मला हे कळलं, आणि एकदा कळलं की मी विसरत नाही. म्हणजे निवडताना मी चुकलो नाही. कुणी मला अडाणी म्हणून हसणार असेल तर आधी हे लक्षात घ्यावं.

बीडला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गेलो. तिथल्या शर्ट खोचलेल्या पोराला भाव विचारला. त्यानं छापील कागद दाखवला. मी म्हणालो, “हे झालं तुझं. आता खरं बोल.” तो म्हणाला, “अंकल, इथं भाव होत नाही.” बैलाचा भाव होतो, जमिनीचा होतो, सोयरिकीतल्या मानपानाचा होतो, आणि डबाभर तेलाचा होत नाही! मी तसाच बाहेर पडलो आणि गाडी जोडीदाराच्या दुकानाकडं वळवली.

दुकानात तीनचार शेतकरी बसले होते. मला बघून तो उठला.

“या मालक! शेळ्या सोडून इकडं कुठं?”

“तुझ्या दुकानाला दावं बांधायला आलो.”

“बांधा की. वैरण तेवढी तुमी टाकत जा.”

मुलीनं लिहून दिलेली चिठ्ठी मी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं चष्मा लावून वाचली, पुढच्या फळीवरून डबा काढला आणि गल्ल्यावर आपटला. मी आकडे जुळवले, अक्षर जुळवलं, सील बघितलं. सगळं बरोबर. त्यानं भाव सांगितला. मी हसलो.

“कावून हसतो बे?”

“तुझ्या तोंडाला सवय न्हाई भाव सांगायची. हात दे.”

मी गळ्यातला रुमाल काढून त्याच्या हातावर टाकला. बसलेले शेतकरी उठून जवळ आले. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं एका सौद्यात होतो, आणि तेही पहिल्यांदाच समोरासमोर. मी बोटं दाबली. तो म्हणाला, “आरं, तेल हाय, पाणी न्हाई.” मी आणखी खाली आलो. “लेकरंबाळं हायती मला.” आणखी खाली. “मारतो का काय बे आज?” लोक हसत होते. तोही हसत होता. मला चांगलं आठवतं, त्याचा हात उबदार होता आणि कुठंही कचरला नाही. शेवटी त्यानं माझा पंजा गच्च दाबला आणि म्हणाला, “घे. मेलो मी. तेराव्याला ये.”

मग त्यानं गल्ल्यावरचा डबा उचलून परत फळीवर ठेवला. “ह्यो लई दिवसाचा हाय, उन्हात तापलाय. आतून ताजा आणतो तुला.” आत गेला आणि दुसरा डबा घेऊन आला. तोच रंग, तेच आकडे, सील जागच्या जागी. मला बरं वाटलं. जोडीदार म्हणून काळजी घेतो, असंच मनात आलं. माल तो बघायचा, भाव मी पाडायचा, ही आमची रीत होती ना. त्या दिवशीही ती रीत चालू आहे असंच मी धरून चाललो. तो गल्ल्याच्या पलीकडं उभा होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

शेजारच्या मेस्त्रीनं जुनं ऑइल काढलं, फिल्टर बदलला, नवं ओतलं. मी बोटावर घेऊन चोळलं. पातळ, सोनेरी, पाहिजे तसं. रिकामा डबा जोडीदारानं उचलला, त्याचं झाकण नीट फिरवून बसवलं आणि गल्ल्याखाली सरकवला. बीडच्या सेंटरवर रिकाम्या डब्याला गिऱ्हाइकासमोर स्क्रू ड्रायव्हरनं भोक पाडतात. फुकटातल्या सर्व्हिसिंगच्या वेळी ते बघून मला वाटायचं, काय ही नासाडी, बायकांना तेल-डाळ ठेवायला कामाला आला असता.

काही महिने गाडी पळाली. मग एका चतुर्थीला बायकोला घेऊन लिंबागणेशला दर्शनाला गेलो. परतीच्या वाटेवर समोर लाल दिवा लागला. ऑइलचा, किटलीसारखं चित्र असतं तो. मी गाडी बाजूला घेतली, ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली. ऑइल भरलेलं होतं. बायको म्हणाली, “अवो, फोन करा कुणाला तरी.” मी म्हणालो, “तेल हाय की. दिवाच बिघडला आसंल.” जोडीदाराचं ऑइल होतं, म्हणून माझा दिव्यावर विश्वास बसला नाही. थोडं पुढं गेलो तर आतून टकटक सुरू झाली, कुणी हातोडीनं दार ठोठावावं तशी. मग एकदम करकर आवाज झाला आणि गाडी जागेवर बसली. एका पिकअपला दोर बांधून ओढत बीडला आणली. बायको आत प्रसादाची पिशवी मांडीवर धरून बसली होती.

बीडच्या मेस्त्रीनं वरचं झाकण उघडलं आणि मला हाक मारली. “या बघायला. तुमच्या इंजिनात शिरा केलाय कुणीतरी.” आत काळा, घट्ट गाळ थापलेला होता. खाली ऑइल ओढणाऱ्या जाळीवरही तोच. पट्टीवर ऑइल दिसत होतं, पण वर चढायला त्याला वाट राहिली नव्हती.

“कोणतं ऑइल टाकलं होतं?”

“कंपनीचं. सीलबंद. पाच डब्ल्यू तीस.”

तो हसायला लागला. “काका, हे ऑइल आधी कुण्या टेम्पोच्या पोटात राहून आलंय. गाळलं, रंग दिला, जुन्या डब्यात भरलं, वरून सील मारलं. नव्या इंजिनात कंपनीचं ऑइल इतक्यात असला गाळ करीत न्हाई.” मग फळीवरची दुसऱ्या गाडीची तशीच जाळी आणून त्यानं माझ्या हातात दिली. “ही बी वडवणीकडूनच आलती.”

मी तिथून थेट एसटीनं दुकानावर गेलो. खूप दिवसांनी एसटीत बसलो होतो. दुकानात गिऱ्हाइकं होती, तरी मी थांबलो नाही.

“डब्यात काय होतं बे?”

तो आधी म्हणाला, “बस. पाणी पी.” मी परत विचारलं. म्हणाला, “वरून जसा आला तसा दिला. म्या काय कारखाना टाकलाय?” मी बीडच्या मेस्त्रीनं सांगितलेलं सगळं सांगितलं, इंजिन गेलं ते सांगितलं. त्यानं चष्मा काढून गल्ल्यावर ठेवला. मग जे बोलला ते मी जसंच्या तसं लिहितो.

“तू भाव किती पाडला होता, आठवतंय का? त्या भावात मलाच येत न्हाई खरा डबा. तुला म्या कुठून देऊ?”

“म्हणजी तुला ठाऊक होतं.”

“तुला न्हवतं? एवढा हुशार हेडी तू. त्या भावात काय येतं ते तुला कळत न्हाई?”

“माल बघायचं काम तुझं होतं.”

“ते बाजारात. इथं म्या विकणारा हाय. रुमालाखाली भाव ठरला. मालाचं बोलणं कुठं झालं?”

एका गिऱ्हाइकाला हसू फुटलं. मी त्याच्याकडं वळलो तसा तो बाहेर निघून गेला. मी जोडीदाराला ओरडून म्हणालो, परवडत नव्हतं तर हात काढायचा होता. कुणी बांधून ठेवला होता तुझा हात? हात काढला असतास तर मी चार शिव्या घातल्या असत्या, चहा पिऊन बीडला गेलो असतो आणि छापील भावानं डबा घेऊन आलो असतो. त्यावर तो म्हणाला, “तुझ्या हातातून हात काढणं सोपं वाटतं का तुला? सगळी जिंदगी लोकांना दाबत आलास. म्या मागं उभा राहून बघितलंय ते. त्या दिवशी म्या समोर होतो, एवढाच फरक.” आणि मग गल्ल्यावरचा पट्टा उचलून दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायला लागला. मी तिथं उभा असताना.

मी हातातली गाडीची किल्ली भिंतीवर फेकली. ती फळ्यांच्या मागं पडली. मीच वाकून शोधून काढली, कारण घरी दुसरी नव्हती.

बायकोला सगळं सांगितलं. ती त्याला भाऊ मानते, दरवर्षी ओवाळते. ती म्हणाली, “भाऊंनी वाईट केलं. पण तुमी बी त्यांची बोटं इतकी कशाला पिळली?” मी दोन दिवस घरात जेवलो नाही. तिला हे कळायला पाहिजे होतं की भाव पाडणं म्हणजे चोरी नव्हे. भाव मी त्याच्या डोळ्यादेखत पाडला, त्याच्या हातात हात देऊन. त्यानं जे केलं ते आतल्या खोलीत जाऊन केलं.

मग मिटवणारे आले. दोघांच्याही ओळखीचा एक पुढारी मला म्हणाला, “तो म्हणतोय, जन्मभर ऑइल फुकट देतो. घ्या आणि सोडा.” जन्मभर ऑइल, आणि तेही त्याच्याच दुकानातलं! मी विचारलं, कोणत्या फळीवरचं, पुढच्या का आतल्या? पुढाऱ्याला काही कळलं नाही. त्याची स्वतःची गाडी त्या दुकानातून ऑइल घेते.

इंजिन पुन्हा बांधून झालं. गाडी चालते, पण पहिल्यासारखी नाही. चढाला दम घेते. आता मी बीडच्या सेंटरवर छापील भावानं ऑइल घेतो, तोंडातून शब्द काढत नाही आणि डब्याला भोक पाडेपर्यंत उभा राहतो. तिथला पोरगा मला शहाणं गिऱ्हाईक समजतो. बाजारात मात्र माझं मन लागत नाही. परवा शेळीच्या सौद्यात समोरच्यानं हात दाबला आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. हा आता कोणती शेळी सोडणार, असं मनात आलं. सौदा मीच मोडला. आजवर मी माणसाच्या हातावर धंदा केला, आणि ह्यानं ते माझ्याकडून काढून घेतलं. इंजिन दुरुस्त करणारे मेस्त्री आहेत. याला कोण आहे?

लोक म्हणतात, नुकसानभरपाई माग, तक्रार कर. मला पैसे नकोत. मला एकच गोष्ट हवी आहे आणि ती त्याच्याशिवाय कुणाकडंच नाही.

तू हे वाचणार नाहीस, पण कुणीतरी तुला वाचून दाखवील. म्हणून सरळ विचारतो. खरा डबा तू आधी गल्ल्यावर ठेवला होतास. मग तो उचलून आत गेलास. आतला डबा आणायचं तुझं कधी ठरलं? आत गेल्यावर ठरलं असेल तर तू लोभी आहेस, आणि लोभी माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत, सोसली आहेत. पण माझा हात तुझ्या हातात असताना ठरलं असेल, तू हसत होतास, ‘मेलो मी’ म्हणत होतास आणि त्याच वेळी तुझ्या मनात तो डबा होता, तर तसं सांग. आणि त्या आतल्या खोलीतले बाकीचे डबे कुणाकुणाच्या ट्रॅक्टरमध्ये, कुणाच्या जीपमध्ये गेले, तेही सांग. मला घरी बोलावून नको, पुढाऱ्याच्या ओट्यावर नको. वडवणीच्या बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, जिथं आपण उभे राहायचो तिथं ये आणि चार माणसांसमोर, रुमाल न टाकता, तोंडानं उत्तर दे.